आक्रासियाचा आवाज

किटली मिर्नाच्या हातात होती. रुबेन आस्तेजियानो दारातच थबकला, टोपी अर्धी काढलेली तशीच वर राहिली, आणि आपण काय पाहतो आहोत हे पुरतं कळायच्या आत त्याच्या पोटात कळ उठली. दर गुरुवारी दुपारी तो या घरी यायचा. रेफिनेरिया वस्तीतली ही दोन खोल्यांची जागा, मागे अंजिराचं झाड, समोरच्या भिंतीपलीकडे मालगाड्यांचे गंजलेले रूळ, आणि स्वयंपाकघरात चुलीजवळच्या खुर्चीत सत्त्याऐंशी वर्षांची आक्रासिया. माते हा कडू चहा नेहमी तीच ओतायची. भोपळ्याच्या लहानशा पेल्यात कडू पाला भरायचा, वरून गरम पाण्याची बारीक धार सोडायची, नळी पाहुण्याकडे वळवून पेला पुढे करायचा, रिकामा झाला की परत घ्यायचा, भरायचा, पुढच्याला द्यायचा. एकच पेला, एकच नळी आणि ओतणारा एकच. पाहुण्याने प्यावं, घरच्याने ओतावं हे या रोसारियो शहरात कुणाला शिकवावं लागत नाही. किटलीला हात लावतो तो घरचा. रुबेनने एकदा, तिचे हात कापताना पाहून, किटली उचलली होती. "ठेव ती, प्रोफेसर," ती म्हणाली होती, "तुझं काम ऐकायचं." त्याने मुकाट्याने ठेवली होती. आणि आज ही मिर्ना कोवासिच, जिला या घराचा पत्ता त्यानेच दिला होता, चुलीजवळच्या खुर्चीत ठाण मांडून ओतत होती, आणि म्हातारी तिच्याकडे न बघताच हात पुढे करून पेला घेत होती.

"आत येतोयस की दाराला टेकू देतोयस?" आक्रासिया म्हणाली.

"आलो, आलो. बऱ्या आहात ना तुम्ही?"

"तुम्ही, तुम्ही! मी काय बिशप आहे? किती वर्षं सांगतेय याला. ही पोरगी बघ, पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करते, काही बिघडलं का माझं?"

"सर सगळ्यांनाच तुम्ही म्हणतात," मिर्ना हसत म्हणाली. "आमच्या वर्गात मांजर आलं तरी त्याला म्हणायचे, बाहेर जाता का. बसा ना सर. कडूच चालेल ना तुम्हाला?"

कडू चालेल ना! या घरात, या टेबलाशी, त्याला विचारत होती. रुबेनने पाहुण्याच्या खुर्चीत अंग टाकलं. पेला त्याच्याकडे आला. पाणी बरोबर होतं, उकळी फुटायच्या आधी उतरवलेलं, वर फेसही छान आला होता. निदान पाला करपवला असता तर तेवढंच समाधान. साखरेच्या भांड्यामागे तिचं रेकॉर्डिंगचं यंत्र ठेवलेलं त्याला दिसलं, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कारण यंत्र साखरेच्या भांड्यामागे ठेवायचं हे त्याने शिकवलेलं. समोर ठेवलंत तर माणूस यंत्राशी बोलतो, लपवलंत तर ती चोरी होते, म्हणून असं ठेवा की तो पाहील आणि विसरेल. विद्यापीठात ही त्याची खास गोष्ट होती, दर वर्षी सांगायचा, दर वर्षी पोरं लिहून घ्यायची. यंत्र कसं ठेवायचं हे शिकवता येतं. पण म्हातारीने कुणाकडे कसं बघावं, हे काही त्याच्या हातात नव्हतं.

"बारेनेचेआचं सांगत होते मी हिला," आक्रासिया म्हणाली. "बोटीवर कोळसा मारायचा बघ. हसू नकोस गं. हात असे काळे की पांढऱ्या चादरीवर ठेवायला लाजायचा. मी म्हणायचे, ठेव रे, चादर मी धुते, तुझी लाज कोण धुणार?"

मिर्ना खळखळून हसली आणि म्हातारीही हसली, दात नसलेल्या तोंडाने, लहान पोरीसारखी, खांदे उडवत. रुबेनने हे हसणं कधी ऐकलं नव्हतं. त्याच्याकडे तिच्या आवाजाच्या कॅसेटींनी भरलेलं एक अख्खं कपाट होतं आणि त्यात एकाही कॅसेटीवर हे हसणं नव्हतं. बारेनेचेआचं नाव मात्र होतं, एकदाच. फार पूर्वी त्याने विचारलं होतं, की तुम्ही लग्न न करता बारेनेचेआबरोबर राहत होता म्हणे, तेव्हा ती म्हणाली होती, "तो इतिहास नाही, प्रोफेसर. तू गोदीचं विचार." आणि त्याने गोदीचं विचारलं. गोदीचं, संपाचं, तिच्या बापाचं, बापाला बोटीत घालून इटलीला हाकललं त्या सकाळचं. ती सांगत गेली, सरळ, खणखणीत आवाजात, सभेत बोलावं तसं. त्याला वाटायचं, हीच ती, हाच तिचा आवाज. आता कळत होतं की ती त्याला दाराशी बसवून बैठकीची खोली दाखवत होती, आणि ही कालची पोर थेट आतल्या पलंगावर पाय वर घेऊन बसली होती.

घरी जाताना त्याने बस घेतली नाही, नदीच्या कडेने चालत निघाला. धान्याच्या कोठारांचे उंच मनोरे, त्यांच्या सावलीत गळ टाकून बसलेली माणसं, तपकिरी पाणी. या धक्क्यांवरच त्याची सगळी जिंदगी गेली होती, खरं तर एकही पोतं न उचलता. बाप गोदीतल्या निर्यात कंपनीत कारकून. कडक कॉलर, बाहीवर शाई लागू नये म्हणून काळं कापड. संपाच्या दिवसांत तो पोलिसांच्या पहाऱ्यात कचेरीत जायचा आणि फाटकाबाहेरची माणसं त्याच्याकडे नुसती बघायची, शिवीसुद्धा द्यायची नाहीत. हे बापाने एकदाच सांगितलं होतं, सूप पिता पिता, आणि चमचा खाली ठेवला होता. "ते माझ्याकडे बघायचे ना, तसं मला कुणीच बघितलं नाही," एवढंच. रुबेन तेव्हा शाळेत होता. पुढे त्याने त्या बघणाऱ्यांचा इतिहास लिहायला घेतला. सरकार नको, मालक नको, देव नको म्हणणारी ती माणसं, हमाल, बेकरीवाले, ट्रामवाले. त्यांची फाटकी वर्तमानपत्रं, त्यांच्या विरुद्धचे पोलिसांचे अहवाल, त्यांच्या सहलींची आणि नाटकांची हस्तपत्रकं. तिशीत पहिलं पुस्तक आलं. मग लष्कराचं राज्य आलं, नोकरी गेली, मित्र नाहीसे झाले. त्याने कागद पत्र्याच्या डब्यात घालून आईच्या अंगणात लिंबाखाली पुरले आणि कॉर्दोबाच्या एका शाळेत भूगोल शिकवला. परत आला तेव्हा डबा उकरला, विद्यापीठात खुर्ची मिळाली, आणि आक्रासिया मिळाली. युरोपातल्या परिषदांत या विषयाची माणसं भेटत, सगळी मिळून एका टेबलाभोवती मावतील एवढी, आणि एकेका हस्तपत्रकावरून एकमेकांचं तोंड न बघणारी. तिथे आम्स्टरडॅमचा एक टकला गृहस्थ दर वेळी विचारायचा, "तुझी आक्रासिया कशी आहे?" तुझी! रुबेनला तो शब्द घरी येईपर्यंत पुरायचा. ज्या बाईच्या बापाने मालकी हीच चोरी म्हणत जन्म काढला, ती बाई आपल्या मालकीची असल्यासारखं आपल्याला वाटतं, यातला विनोद त्याला कळत नव्हता असं नाही. चांगला कळत होता. पण कळून पोटातलं दुखणं थांबत नाही.

एस्तेलाने, त्याच्या बायकोने, सोडून जाताना म्हटलं होतं, की तू एखाद्या जिवंत बाईच्या मागे लागला असतास तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण तू या मेलेल्या हमालांच्या मागे आहेस, मी कुणाकुणाच्या थडग्यावर जाऊन भांडू? तेव्हा त्याला राग आला होता. आता नदीकाठी त्याला एस्तेलाची दया आली, कारण मत्सर म्हणजे काय हे तिला त्या वेळी ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं. माणूस साठी ओलांडतो, दोन पुस्तकं लिहितो, तिसरं छापखान्यात असतं, आणि मग एका दुपारी कुणाच्या तरी हातात किटली दिसते. तिसरं पुस्तक. त्यात अर्धाअधिक आक्रासियाच बोलत होती. त्याचं सगळ्यात चांगलं, शेवटचं, ज्यासाठी बाकीचं सगळं केलं असं वाटावं असं. महिन्याभरात यायचं होतं. त्याच्याआधी, किंवा बरोबरीने, मिर्नाचं आलं तर? रविवारी ती आउरोरा वाचनालयाच्या सभेत विषय मांडणार होती, तिनेच निरोप घेताना उत्साहाने सांगितलं होतं. वस्तीच्या रेडिओवर दर आठवड्याला आक्रासियाचा आवाज. आणि मग पुस्तक. "हसणं, गाणी, बारेनेचेआ, सगळं! तुम्हाला आवडेल सर." लोक त्या काळ्या हातांची गोष्ट ऐकतील. त्यानंतर गोदीतल्या ठरावांची गोष्ट कोण वाचणार? टकला गृहस्थ पत्र लिहील आणि विचारेल, मिर्ना कोवासिचची आक्रासिया कशी आहे?

आउरोरा वाचनालय म्हणजे एक लांबट खोली, पुस्तकांची फडताळं आणि मधोमध बाकं. हे त्या 'सरकार नको' म्हणणाऱ्या लोकांचंच, त्यांच्या बापांनी बांधलेलं. आता दहा-बारा म्हातारे आणि चार-दोन पोरं उरलेली. इथे सभेला अध्यक्ष नसतो आणि मतदान होत नाही. हात वर करून जास्त हातांनी कमी हातांना गप्प बसवायचं ते सरकारचं काम, असं ते म्हणतात. इथे बोलायचं, सगळ्यांचं होईपर्यंत बोलायचं, आणि एकाने जरी 'नाही' म्हटलं तरी ती गोष्ट होत नाही. आणि जो आला आहे त्याला हा अधिकार आहे, मग तो सभासद असो, पाहुणा असो, पावसाला आडोसा शोधत आलेला असो. साव्हेरियो नावाच्या निवृत्त ट्रामवाल्याने एकदा 'नाही' म्हणून वाचनालयात टेलिफोन येऊ दिला नव्हता, तिथे अजून फोन नाही. कुणी त्याच्यावर चिडत नाही. माणूस 'नाही' म्हणतो तो विचार करूनच म्हणतो, हे ते धरून चालतात. आपल्या पोटात दुखतं म्हणून कुणी 'नाही' म्हणेल हे त्यांच्या डोक्यातही येत नाही. रुबेनने या पद्धतीवर एक लेख लिहिला होता, तळटीपांसकट, आणि तिथं वर्षानुवर्षं बसून तो एकदाही 'नाही' म्हणाला नव्हता.

रविवारी मिर्नाने विषय मांडला. छान मांडला, हे त्याला कबूल करावं लागलं. म्हाताऱ्यांचे चेहरे खुलले. "रेडिओवर आपली आक्रासिया!" कुणी म्हणालं. "नीट बोल हो, शिव्या देऊ नकोस," दुसरं कुणी. "शिव्या कापणार असतील तर मी बोलतच नाही," आक्रासिया म्हणाली आणि हशा पिकला. साव्हेरियोने कानातलं यंत्र नीट बसवलं आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांकडे पाहत विचारलं, "कुणाचं 'नाही' आहे का?"

"माझं आहे," रुबेन म्हणाला.

आवाज त्याचाच होता पण तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा त्याने ऐकला. सगळे वळले. मिर्नाचा चेहरा आधी हसरा होता, तो तसाच राहिला, तिला वाटलं गंमत आहे. तो उठला. कारण सांगायला हवं होतं, आणि कारण म्हणून सांगण्यासारखं त्याच्याजवळ काहीच नव्हतं. पण चाळीस वर्षं त्याने यांचीच भाषणं वाचली होती. शब्द आपसूक आले.

"माणसाचा आवाज माणसापासून तोडायचा," तो म्हणाला, "यंत्रात भरायचा, त्याच्यावर दुसऱ्याचं नाव घालायचं आणि त्या नावाने मोठं व्हायचं. कारखान्यात हमालाच्या अंगमेहनतीचं हेच होतं. मेहनत त्याची, शिक्का मालकाचा. मिर्नाचा हेतू वाईट नाही, मला माहीत आहे. पण आक्रासिया आयुष्यभर कुणाची झाली नाही. तिचा आवाज तरी कुणाच्या नावावर का चढवायचा? तो इथे राहू दे. तिच्या समोर येऊन बसेल त्याने ऐकावा, आणि तिच्याबरोबर तो जावा."

त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, खोलवर, गारेगार समाधान वाटलं. झालं. थांबलं. कुणी वाद घालणार नव्हतं. मिर्ना त्याच्याकडे बघत होती आणि आता तिला कळलं होतं. एवढ्या माणसांत तिला एकटीलाच कळलं होतं, कारण ती विद्यापीठातून आली होती. पण ती काय बोलणार? या खोलीत कुणाच्या 'नाही'वर संशय घेणं म्हणजे त्याला शिवी देणं.

आक्रासिया उठली. काठी शोधत, बाकाला धरत ती त्याच्यापर्यंत आली आणि तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिचे डोळे भरले होते.

"माझ्या बापासारखं बोललास रे," ती म्हणाली. "अगदी माझ्या बापासारखं. तुला ठाऊक आहे, तू पहिल्यांदा ते यंत्र घेऊन आलास ना, मी रात्री झोपले नाही. वाटायचं, हा माझं काय घेऊन जातोय? पण तू इतक्या प्रेमाने यायचास, केक घेऊन यायचास, कसं म्हणायचं नाही? म्हणून जेवढं चारचौघांत सांगण्यासारखं तेवढं दिलं तुला, बाकीचं ठेवून घेतलं. आणि या पोरीपुढे आता म्हातारपणी जीभ सैल सुटली. बरं झालं बोललास. मला वाटलं नव्हतं की तुला हे कधी कळेल, आणि तुझ्या तोंडून निघेल हे तर अजिबातच नाही."

"प्रोफेसर," साव्हेरियो मागून म्हणाला, आवाज घोगरा झालेला, "मला माफ कर. मी तुला इतकी वर्षं फुकट्या समजत होतो. आज तू आपल्यातला झालास. ते पुस्तक छापायला गेलेलं असताना असं बोलायचं, अरे, आपलंच ताट आपण लाथाडायचं, हे कुणाला जमतं?"

रुबेनला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. त्याने तोंड उघडलं. पण आक्रासियाचे हात अजून त्याच्या गालांवर होते, कोरडे, हलके, आणि ती त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होती त्या नजरेसाठी तो इतक्या गुरुवारी ही वस्ती तुडवत आला होता.

"मग असं करू," ती सगळ्यांकडे वळून म्हणाली. "याच्या घरी माझ्या कॅसेटी आहेत, त्याही परत आणायच्या. पुस्तक थांबवायचं. हा बोललाय ते सगळ्यांना सारखं लागू. पोरीवर एकटीवर नको, ते अन्यायाचं होईल. त्याला तसंच म्हणायचं होतं, मला कळतंय ना त्याचं मन. बरोबर ना रे?"

"विषय मांडला गेलाय," साव्हेरियो म्हणाला. त्याने पुन्हा, रिवाजाप्रमाणे, एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली. "कुणाचं 'नाही' आहे का?"

हा अधिकार रुबेनचाही होता. एक शब्द पुरे होता. कारणही कुणी विचारलं नसतं, विचारलं तरी मानलं असतं. तो शब्द त्याच्या जिभेवर येऊन बसला होता. वीस वर्षांचं कपाट, छापखान्यातली पानं, आम्स्टरडॅम, खुर्ची, म्हातारपण, सगळं त्या एका शब्दापाशी येऊन उभं होतं. पण तो उच्चारला की आधीचा 'नाही' कशाचा होता ते बोळातल्या कुत्र्यालाही कळलं असतं, आणि हे हात गालांवरून खाली आले असते. आणि फाटकाबाहेरची माणसं नुसतं बघत राहिली असती. त्याने मिर्नाकडे पाहिलं. ती 'नाही' म्हणेल, असं त्याला वाटलं. तिचं तरी काय जातंय, तिने म्हणावं. तिने म्हटलं नाही. ती त्याच्याकडे एकटक बघत वाट पाहत होती.

साव्हेरियो थांबला. मग म्हणाला, "झालं तर मग."

बाकं सरकली, कुणीतरी खिडकी उघडली, लोक त्याच्या पाठीवर थाप मारून जाऊ लागले. त्यातल्या दोघांनी त्याला कवटाळलं. मिर्ना बसल्या जागी रडायला लागली, लहान मुलासारखी, नाक ओढत, लपवायचा प्रयत्नही न करता. आक्रासियाने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा सोडून दिला. काठी टेकत ती तिच्या बाकाशी गेली, शेजारी बसली आणि पोरीचं डोकं ओढून तिने आपल्या मांडीवर घेतलं. "रडू नको गं, रडू नको," ती म्हणत होती, केसांतून बोटं फिरवत, "आवाज गेला तर गेला. मी आहे ना अजून? गुरुवारी ये. सगळं पुन्हा सांगते." मग तिने मान वर करून रुबेनकडे बघितलं, आणि अभिमानाने सगळ्यांना म्हणाली, "याला बघा. ह्याचं तर सगळंच गेलं, डोळ्यात टिपूस आहे का? असा खंबीर माणूस. याला कुणी समजवायची गरज नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रुबेन खोलीच्या मधोमध उभा होता, हात दोन्ही बाजूंना सोडून, आणि कुणी त्याच्याजवळ आलं नाही. तो त्या मांडीकडे, त्या केसांतून फिरणाऱ्या वाळक्या बोटांकडे बघत राहिला, आणि त्या पोरीच्या रडण्याचाही त्याला हेवा वाटला.